शिक्षिका बी.एड. नाहीत

रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर माझ्या वडिलांनी मला जवळबिवळ घेतले नाही. आबा इंग्रजीचे निवृत्त मास्तर होते, आणि त्यांची माया नेहमी सूचनांतून बाहेर पडायची. बस सुटायच्या आधी त्यांनी सीटखाली वाकून वैशालीच्या पुस्तकांची ट्रंक नीट बसली आहे ना ते पाहिले, मिक्सर गोधडीत गुंडाळला आहे ना ते विचारले, आणि खाली उतरून खिडकीशी येऊन म्हणाले, "कुमुद, आधी शाळा बघ. मग घर."

मीरा, ईशान, ही वैशाली म्हणजे तुमची आई. तेव्हा ती अकरा वर्षांची होती, दोन वेण्या आणि गुडघ्यावर खरचटलेले. ऐंशीचे दशक नुकते सुरू झाले होते. तुमच्या आजोबांना भांडुपच्या एका औषध कंपनीत नोकरी लागली होती आणि ते सहा महिने आधीच पुढे गेले होते. बस हलली तेव्हा आबा हात न हलवता उभे होते. त्यांचे ते वाक्य मी अक्षरशः पाळले, आणि पुढचे सगळे त्यातूनच झाले.

गेल्या महिन्यात ईशानने फोनवर मला विचारले, "आजी, शेजारच्या आन्टी म्हणतात की आई टीचर नाहीये. मग ती आम्हाला कशी शिकवते? अलाउड आहे का?" तुमच्या कॅनडातले नियम मला ठाऊक नाहीत. ईशान वाचनात मागे आहे अशी शाळेने चिठ्ठी पाठवली आणि तुमच्या आईने तुम्हा दोघांना उचलून घरी आणले, एवढे मला ठाऊक आहे. आणि ती असे का करू शकली तेही मला ठाऊक आहे. फोनवर मी म्हटले, लिहून कळवते. तिनेच तुम्हाला मराठी वाचायला शिकवले आहे, तर वाचा आता.

मुलुंडला आम्ही पूर्वेला ब्लॉक पाहत होतो. आजोबांना स्टेशनजवळचा हवा होता. दलालाने तीन दाखवले. चौथा पहिल्या मजल्यावर होता, स्वयंपाकघर अरुंद, पाणी सकाळी दीड तास, पण गॅलरीत गेले तर समोर शाळा. मराठी माध्यमाची, नावाजलेली. फाटकावर निळ्या फळ्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेले: दहावीचा निकाल १०० टक्के. मी आजोबांना म्हटले, "हाच." ते म्हणाले, "अगं, ओटा तरी बघ." मी ओटा पाहिला नाही. तेव्हा पूर्वेला आमच्या बिल्डिंगमागे मिठागरे होती आणि उन्हाळ्यात मिठाचे ढीग इतके चकाकत की दुपारी त्या बाजूची खिडकी लावून घ्यावी लागे. आता तिथून टॉवर दिसतात. शाळा आहे तिथेच आहे.

त्या शाळेच्या मुख्याध्यापिकेला सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांचे नाव मी लिहीत नाही. तेवढी जागाही मला त्यांना द्यायची नाही.

वैशाली सहावी, सातवी, आठवी नीट पास झाली. नववीत दिवाळीनंतर तिला कावीळ झाली. सात आठवडे ती अंथरुणात होती, उसाचा रस आणि चुरमुरे यांवर. गणित आणि शास्त्र मागे पडले. वार्षिक परीक्षेत दोन्ही विषयांत ती थोडक्यात नापास झाली. मी प्रगतिपुस्तक घेऊन मोठ्या बाईंकडे गेले. मला वाटले होते, कावीळ झालेल्या मुलीला चार-पाच मार्कांसाठी कोणी अडवत नाही. डॉक्टरचे सर्टिफिकेटही नेले होते.

त्यांनी ते वाचलेसुद्धा नाही. म्हणाल्या, "आमचा निकाल गेली सहा वर्षं शंभर टक्के आहे. कच्ची मुलं मी दहावीत पाठवत नाही. परत नववीत बसवा, नाहीतर दाखला घ्या."

तेव्हा मला त्या फळ्याचा अर्थ कळला. शंभर टक्के मुले पास होत नव्हती. जी होणार नाहीत अशी शंका येई ती नववीतच कापली जात होती. मी ज्यासाठी ओटा न बघता ब्लॉक घेतला होता तो आकडा असा तयार होत होता.

मी म्हटले, "दाखला द्या. दहावी मी घरी करून घेईन."

त्यांनी पहिल्यांदाच वर पाहिले. "तुम्ही बी.एड. आहात?"

"बी.ए. आहे. इंग्रजी. पहिला वर्ग."

"मग कविता वाचा घरी बसून. दहावी म्हणजे पोळ्या लाटणं नाही."

बाजूच्या टेबलावरचा कारकून हसला. वैशाली दारात उभी होती. तिने ऐकले. मुलांनो, माझ्या आयुष्यात माझा यापेक्षा मोठा अपमान झालेला आहे, तो मी विसरले. हा नाही विसरले, कारण तो माझ्या मुलीने पाहिला.

आजोबा म्हणाले, "अगं, एक वर्ष जातंय तर जाऊ दे ना. कशाला वाट लावून घ्यायची?" मी म्हटले, "वर्ष जाईल ते माझं, तिचं नाही." त्यांनी तोंडात बडीशेप टाकली. त्यांना माहीत होते की मी एकदा वेळापत्रक आखले की त्यात फरक होत नाही.

मी वेळापत्रक आखले. अकरा ते पाच. हजेरीपट एकाच मुलीचा, पण रोज भरायचा. घरच्या साडीत शिकवायचे नाही, पिन लावलेली साडी, हातात घड्याळ. जेवणाच्या टेबलावर वर्ग, आणि जेवण खाली पाटावर. घंटेची सोय करावी लागली नाही. समोरच्या शाळेची घंटा आमच्या गॅलरीत स्पष्ट ऐकू येई. तिथली प्रार्थना झाली की आमचा पहिला तास सुरू. मधली सुट्टी तिथल्या मधल्या सुट्टीत. वर्षभर मी मोठ्या बाईंची घंटा वापरली, आणि ती वाजली की दर वेळी मला बरे वाटायचे.

पहिल्या दिवशी मी वैशालीला युनिफॉर्म घालायला लावला. शिस्त राहील म्हणून. तिसऱ्या दिवशी ती परकर-पोलक्यात येऊन बसली. म्हणाली, "आई, हजेरी मांडायची तर मांड. तो फ्रॉक मी नाही घालणार." मी हजेरी मांडली.

गणित मी स्वतः मॅट्रिकनंतर कधी हातात धरले नव्हते. रोज पहाटे पाच वाजता, पाणी यायच्या आधी, मी त्या दिवशीचे प्रकरण सोडवायला बसे. पहिल्या महिन्यात निम्मी उदाहरणे चुकत. आजोबा चहा घेता घेता डोकावत आणि म्हणत, "हेडमास्तरीण, चिन्ह बदललंय बघ." मी वैशालीच्या एक धडा पुढे होते, कधी कधी अर्धा. तिला ते कळत होते. एकदा वर्गमूळ काढताना मी अडकले तर तिने पेन्सिल माझ्या हातातून घेतली आणि म्हणाली, "थांब, तू सकाळी काय केलंस ते आठव." ती मला शिकवू लागली तेव्हा तिचे गणित पक्के झाले.

स्वयंपाकघराच्या दारावर मी एक कागद चिकटवला होता. त्यावर लाल शाईने लिहिले होते: "मग कविता वाचा घरी बसून." ते वाक्य रोज डोळ्यांसमोर असावे म्हणून. माझ्या डोळ्यांसमोर, असे मी म्हणायचे. पण त्या टेबलावर बसून समोर बघणारी वैशाली होती.

बाहेरून दहावी द्यायची तर सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागे. तो फॉर्म एखाद्या शाळेमार्फतच द्यायचा, मुख्याध्यापकांच्या सहीने. आणि आमच्या भागासाठी नेमलेली शाळा समोरचीच होती.

पहिल्यांदा गेले तेव्हा मोठ्या बाई म्हणाल्या, जन्माचा दाखला अस्सल लागेल. दुसऱ्यांदा म्हणाल्या, फोटोत मुलीचे कान दिसत नाहीत. तिसऱ्यांदा गेले तो शेवटचा दिवस होता. मी प्रत्येक कागद तीन प्रतींत, साक्षांकित करून, क्रमवार टाचून नेला होता. दहा वाजता बाहेरच्या बाकावर बसले. पिशवीत डबा होता आणि पाण्याची बाटली. शिपाई दर तासाला सांगे, "बाई मीटिंगमध्ये आहेत." मी म्हणे, "असू देत." बारा वाजता डबा उघडून तिथेच भात खाल्ला. मुले वर्गात येता-जाता बघत होती. सावंतबाई म्हणून भूगोलाच्या एक शिक्षिका जाताना हळूच बोलून गेल्या, "उठू नका." पावणेपाचला मला आत बोलावले.

सही करताना मोठ्या बाई म्हणाल्या, "नापास झाली तर माझ्याकडे येऊ नका."

मी म्हटले, "पास झाली तर येईन."

आता माझी चूक सांगते, कारण ती लपवली तर हे सगळे खोटे होईल. पुस्तके मी विकत घेतली नव्हती. वरच्या मजल्यावरच्या परबकाकूंची संध्या आदल्या वर्षी दहावी झाली होती. परबकाकू मालवणच्या. "घे गो, कोरीच आसत, आमच्या पोरीन उघडलीच नायत," म्हणून त्यांनी सगळा गठ्ठा दिला. मी मे महिन्यात बसून एकेका पुस्तकाला ब्राऊन पेपरचे कव्हर घातले, कोपरे दुमडून, डिंकाशिवाय, जसे आबांनी शिकवले होते. त्यावर सुवाच्य अक्षरात नाव आणि विषय. आमच्या घरात पुस्तक उघडे हिंडत नसे.

दिवाळीच्या सुट्टीत वैशालीला जुन्या वर्गातली मेधा भेटली. वर आली ती उतरलेल्या चेहऱ्यानेच. "आई, मेधाच्या इतिहासात हे धडेच नाहीत. भूगोल पण वेगळा आहे. या वर्षी बदललाय म्हणे."

मी कव्हर फाडले. आतले मुखपृष्ठ जुने होते. ज्या कव्हराचा मला अभिमान होता त्याच्या खाली सहा महिने चुकीचे पुस्तक होते आणि मी ते तिच्याकडून पाठ करून घेतले होते. शिक्षकांच्या खोलीत चहा पिणाऱ्या कोणालाही जे कळले असते ते मला कळले नव्हते, कारण मला सांगणारे कोणी नव्हते. मी टेबलावर डोके टेकून रडले. समोरच्या शाळेला सुट्टी होती, तरी मला वाटत होते की त्या बाई खिडकीतून बघत आहेत.

थोड्या वेळाने वैशाली म्हणाली, "आई, रडायचं तर मधल्या सुट्टीत रड. तुझा तास चालू आहे."

आजोबा त्याच संध्याकाळी नवी पुस्तके घेऊन आले. मी त्यांना कव्हरे घातली नाहीत. दोन दिवसांनी मीच सावंतबाईंच्या घरी गेले, दारात उभी राहून सगळे सांगितले. त्यांनी मला आत घेतले आणि कागदावर लिहून दिले, कोणते नकाशे येतात, कोणते प्रश्न नक्की. म्हणाल्या, "मोठ्या बाईंना कळलं तर माझी वाट लागेल हो." मी आजवर कोणाला सांगितले नव्हते. आता त्या नाहीत, म्हणून लिहिते.

जानेवारीत एका दुपारी वैशालीने नकाशा भरता भरता विचारले, "आई, मी नापास झाले तर तू कोणावर रागावशील? माझ्यावर की मोठ्या बाईंवर?"

मी लगेच "तुझ्यावर नाही" असे म्हणायला हवे होते. मी खरोखर विचार करत बसले. तिने माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा नकाशात निळा रंग भरू लागली. त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघराच्या दारावरचा कागद काढला. फाडला नाही. कपाटात घडी करून ठेवला.

मार्चमध्ये परीक्षा झाली. जूनमध्ये निकाल. एकाहत्तर टक्के. गणितात दीडशेपैकी एकशे अठरा. भूगोलात कसेबसे पास, ते मार्क माझे. गुणपत्रिका घ्यायला समोरच्याच शाळेत जायचे होते. ऑफिसबाहेर पाचवीच्या प्रवेशासाठी पालकांची रांग होती. मी पिन लावलेली साडी नेसून, पेढ्यांचा पुडा घेऊन आत गेले आणि रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटले, "मोठ्या बाई, पास झाली. म्हणून आले. नववीत तुम्ही गणितात नापास केलेली."

त्यांनी पेढा घेतला नाही. "एखादीचं नशीब असतं," म्हणाल्या.

तेवढ्यावर मी थांबले असते तर तुमचे आजोबा पुढची आठ वर्षे सुखाने बडीशेप खात बसले असते. पण "नशीब" हा शब्द मला पचला नाही. मी तशीच उतरून स्टेशनजवळच्या पेंटरकडे गेले. तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. त्याला दोन ओळी लिहून दिल्या:

नववीत नापास केलेल्यांनी इथे यावे.
शिक्षिका बी.एड. नाहीत.

पेंटर म्हणाला, "ताई, काहीतरी चुकतंय. लोक 'आहेत' लिहून घेतात."

"नाहीतच लिहा. मोठं लिहा."

पाटी गॅलरीच्या कठड्याला लावली, शाळेच्या फाटकाकडे तोंड करून. निळ्यावर पांढरी अक्षरे, अगदी त्यांच्या फळ्यासारखी. मोठ्या बाईंना रोज सकाळी रिक्षातून उतरल्यावर ती दिसे आणि संध्याकाळी रिक्षात बसताना दिसे. सोसायटीच्या सेक्रेटरींनी हरकत घेतली, तेव्हा मी त्यांना नियमावलीतले कलम दाखवले ज्यात अशी पाटी लावू नये असे कुठेही लिहिले नव्हते.

पहिल्या वर्षी चार मुले आली. आठ वर्षांत तेवीस. त्यांतली एकवीस पास झाली. दोन झाली नाहीत, त्यांची नावे मला पाठ आहेत. तिसऱ्या वर्षापासून मुले कमी येऊ लागली. मी चौकशी केली. पालक मोठ्या बाईंसमोर बसून म्हणत होते, "ठीक आहे, मग आम्ही समोर जातो," आणि त्या मुकाट्याने मुलाला दहावीत पाठवत होत्या. आजोबा म्हणाले, "अगं, तुझा धंदा बसला की!"

मग एका जूनमध्ये निकाल लागला आणि दोन दिवसांनी शाळेच्या फाटकावरचा निळा फळा उतरवला गेला. शंभर टक्के राहिले नव्हते. मी गॅलरीत उभी राहून तो काढताना पूर्ण पाहिले. त्या दिवशी मी श्रीखंड केले. वैशाली तेव्हा कॉलेजात होती. तिने वाटीला हात लावला नाही. "आई," ती म्हणाली, "त्या शाळेतली चार मुलं नापास झालीयेत. तू त्याचं गोड करतेस?" मी म्हटले, "मुलांचं नाही करत." आणि खाल्ले. ते श्रीखंड छान झाले होते. तुम्हाला खोटे कशाला सांगू?

मोठ्या बाई निवृत्त झाल्या त्या संध्याकाळी हातात हार आणि नारळ घेऊन आमच्या गॅलरीखाली थांबल्या. वर बघून म्हणाल्या, "आता तरी पाटी काढा. मी चालले."

मी म्हटले, "पाटी तुमच्यासाठी नाही हो. मुलांसाठी आहे."

ते खोटे होते. ती पाटी त्यांच्यासाठीच होती. त्यांनाही ते माहीत होते. त्या जरा हसल्या, नारळ दुसऱ्या हातात घेतला आणि रिक्षात बसल्या. त्यानंतर वर्षभरात पाटी मी उतरवली. वाचणारे माणूसच गेले होते.

वैशाली कॅनडाला निघाली त्या दिवशी विमानतळावर, सामान देऊन झाल्यावर, ती म्हणाली, "आई, एक सांगू? ती पाटी वाचून लोक आधी मला बघायचे. नववीत नापास केलेली पहिली मी होते ना. आठ वर्षं मी त्या पाटीखालून ये-जा केली." मी आबांची मुलगी, म्हणून मी तिचा पासपोर्ट नीट ठेवला आहे ना ते विचारले.

ईशान, आता तुझे उत्तर. मी बी.एड. करून एखाद्या शाळेत असते तर पुस्तके बदलल्याचे मेमध्येच कळले असते, आणि एका मुलीचे सहा महिने वाचले असते. म्हणून तुझ्या आईला सांग, जे येत नाही ते ज्याला येते त्याला विचार, दारात उभे राहावे लागले तरी. एवढे केले तर बाकी पदवीचे मला फारसे वाटत नाही. ज्या बाईंकडे पदवी होती त्यांनी डॉक्टरचे सर्टिफिकेटसुद्धा वाचले नाही.

आमची बिल्डिंग आता पाडणार आहेत. पुढच्या महिन्यात ब्लॉक रिकामा करायचा आहे आणि मी तुमच्याकडे सहा महिन्यांसाठी येते आहे. आबांच्या सूचनेने मी आधी शाळा पाहिली आणि मग घर घेतले. आता घर जाते आहे, शाळा समोर उभी आहे, आणि मला आश्चर्य वाटते की ओट्यासाठी, गॅलरीसाठी मला काहीच होत नाही. माझे घर त्या जेवणाच्या टेबलाएवढेच होते, अकरा ते पाच. तसले टेबल तुमच्या आईने तिकडे मांडले आहे असे तुमच्याकडे राहून आलेली मेधा सांगत होती. मग मला निघताना जड का व्हावे?

सामानात मी पाटी आणते आहे. मीरा, आईला आधी सांगू नकोस. गेल्या आठवड्यात मी टर्पेंटाइन आणून वरची ओळ घासून काढली. राहिले आहे ते फक्त "शिक्षिका बी.एड. नाहीत." ती तुमच्या टेबलासमोरच्या भिंतीवर लावा, शेजारच्या आन्टींना खिडकीतून दिसेल अशी. मराठी त्यांना वाचता येत नाही, तर ईशानने वाचून दाखवावी.

वरची ओळ मी पुसली ती वैशालीसाठी. पण पाटी उजेडात तिरपी धरली की अक्षरे अजून पुसट दिसतात. मी फार जोर लावून घासली नाही.